लहानसा वेगवान वेब-सर्व्हर : संगणक-जालाचा एक पाठ



घड्याळ वापरणारे पुष्कळ असतात. तें उघडून आंतील चक्रें पाहणारे थोडे. संगणकांच्या जालाचेंही तसेंच आहे. पडद्यावर पत्ता लिहावा आणि क्षणार्धांत पान समोर यावें, ह्या गोष्टीची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, मधल्या क्षणांत काय घडलें हें विचारावयाचें आपण विसरूनच जातों. तो मधला क्षण समजून घेण्याचा उत्तम उपाय म्हणजे पानें पुरविणारा प्रोग्राम, म्हणजेच वेब-सर्व्हर, आपल्या हातानें लिहून पाहणें. उत्तम सर्व्हर फुकट मिळत असतां, आणि आतां तर नुसतें मागितल्यास यंत्रच प्रोग्राम लिहून देत असतां, हा उपद्व्याप कशाला, असें वरच्या वर्गांतील चौकस मुलें आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आरंभीं न देतां, आधीं काम करून दाखवावें व मग उत्तर द्यावें, असा आमचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास. पहिला वेब-सर्व्हर जिनीव्हा शहराजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत चालूं झाला. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थांनीं १९८९ च्या मार्च महिन्यांत आपली योजना वरिष्ठांपुढें मांडली, आणि १९९० साल संपण्याच्या सुमारास एका नेक्स्ट संगणकावर तो सर्व्हर काम करूं लागला. त्या यंत्रावर हातानें लिहिलेली एक चिठ्ठी डकविलेली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, असा तिचा आशय होता. टेबलावरील एक यंत्र बंद पडलें असतें तर त्या वेळचें सारें वेब बंद पडलें असतें! तेव्हांची बोलीही तितकीच साधी होती. मागणाऱ्यानें 'गेट' हा शब्द व पानाचा पत्ता अशी एक ओळ पाठवावी; देणाऱ्यानें पान पाठवून जोडणी तोडावी; व्यवहार संपला. ह्या बोलीस एचटीटीपी म्हणतात. तिची १.० ही आवृत्ति १९९६ सालीं व १.१ ही १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, परंतु १.१ अजून सर्वत्र चालते, आणि ती साध्या अक्षरांत लिहिलेली असल्यामुळें डोळ्यांनीं वाचतां येते. म्हणून शिकणाऱ्यानें तीच घ्यावी.

ह्या पाठास साहित्य फार लागत नाहीं. लिनक्स घातलेला कोणताही जुना संगणक, सी भाषेचा कंपायलर व लिहिण्यासाठीं एक साधा एडिटर एवढें पुरे. बाहेरच्या इंटरनेटचीही जरुरी नाहीं. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःच्या घरचा पत्ता होय. त्यावर पाठविलेलें पत्र दाराबाहेर न जातां घरींच परत येतें. ज्या शाळेंत बाहेरची जोडणी दिवसांतून चार वेळां तुटते, तेथेंही हा अभ्यास अडत नाहीं.

एचटीटीपीच्या खालीं जो पाया आहे त्याचें नांव टीसीपी. त्याची कल्पना व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान ह्यांनीं १९७४ सालीं मांडली, व १९८३ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील आर्पानेट हें जाल त्या पद्धतीवर आलें. जालावरून मजकूर लहान लहान पुडक्यांनीं जातो. पुडकें वाटेंत हरवतें, उशिरा पोहोंचतें, किंवा मागचें आधीं येतें. टीसीपी प्रत्येक बाइटाचा अनुक्रम ठेवतें, पोंच मागतें, पोंच न आल्यास पुन्हां पाठवितें, आणि घेणाऱ्याच्या हातीं सर्व मजकूर मूळ क्रमानें देतें. संभाषणापूर्वीं तीन संदेशांची ओळख होते : 'बोलूं का?', 'बोला, मीही बोलूं का?', 'बोला.' एवढें झालें कीं जोडणी पक्की.

ही जोडणी प्रोग्रामाच्या हातीं देणारें जें साधन, तें सॉकेट. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठानें १९८३ सालीं आपल्या युनिक्सच्या आवृत्तींत तें प्रथम पुरविलें, व आजही त्याच क्रिया चालूं आहेत. त्या टपालकचेरीच्या दृष्टान्तानें ध्यानांत येतील. 'सॉकेट' म्हणजे खिडकी बांधणें. 'बाइंड' म्हणजे तिच्यावर क्रमांक लावणें. ह्या क्रमांकास पोर्ट म्हणतात. वेबचा ठरलेला पोर्ट ८०, पण १०२४ च्या खालील क्रमांक युनिक्समध्यें सामान्य वापरणारास मिळत नाहींत, म्हणून शिकणारे बहुधा ८०८० घेतात. 'लिसन' म्हणजे खिडकी उघडून रांग लावूं देणें. 'ॲक्सेप्ट' म्हणजे रांगेंतील पहिल्या मनुष्यास पुढें बोलावणें. नंतर 'रीड' म्हणजे त्याचें मागणें ऐकणें, 'राइट' म्हणजे माल देणें आणि 'क्लोज' म्हणजे निरोप देणें. ॲक्सेप्टपासून क्लोजपर्यंतच्या क्रिया एका फेऱ्यांत घातल्या कीं सर्व्हर झाला. साठ-सत्तर ओळींत काम होतें, व ब्राउझरमध्यें आपलें पान उमटलेलें पाहून मुलांस जो आनंद होतो तो अवर्णनीय आहे.

परंतु खरा पाठ येथूनच सुरू होतो. सुतारानें टेबलाचा पाय आंखूड कापला तर टेबल लगेच डगमगतें. जालाच्या विद्येंत तसें होत नाहीं. चुकीचा सर्व्हर आपल्या घरच्या पत्त्यावर महिनोन् महिने बिनबोभाट चालतो, आणि ज्या दिवशीं दूरचा, मंद जोडणीचा किंवा वाईट हेतूचा मनुष्य दाराशीं येतो त्या दिवशीं मोडतो. अशीं सहा स्थळें आम्ही क्रमानें सांगतों.

पहिलें स्थळ क्रमांकाचें. ८०८० ही संख्या दोन बाइटांत ३१ व १४४ अशी मांडली जाते, कारण ३१ गुणिले २५६ अधिक १४४ म्हणजे ८०८०. जालावर मोठा भाग आधीं पाठविण्याचा नियम आहे. आपल्या घरांतील बहुतेक संगणक मात्र लहान भाग आधीं ठेवतात. क्रम पालटण्याची क्रिया विसरल्यास तीच संख्या १४४ व ३१, म्हणजे ३६८९५, अशी वाचली जाते. सर्व्हर कांहीं तक्रार न करतां ३६८९५ क्रमांकाच्या खिडकींत बसून राहतो, व मालक ८०८० च्या दारावर थापा मारीत राहतो. आपण जें लिहितों त्याचा समोरचा तोच अर्थ करील असें गृहीत धरूं नये, हा येथील बोध.

दुसरें स्थळ प्रवाहाचें. टीसीपी हा नळ आहे, घागर नव्हे. एका टोंकास दोन घागरी पाणी ओतलें म्हणून दुसऱ्या टोंकास दोनच घागरी भरतील असें नाहीं. पाणी तेवढेंच येईल, पण धार कशी तुटेल तें सांगतां येत नाहीं. घरच्या पत्त्यावर सबंध मागणी बहुधा एकाच वाचनांत मिळते, म्हणून नवशिका एकदांच वाचून थांबतो. दूरच्या मनुष्याकडून तीच मागणी तीन तुकड्यांनीं येते आणि सर्व्हर अर्ध्या वाक्यावर उत्तर देतो. मागणीचा शेवट कोठें झाला हें एचटीटीपीनें ठरवून दिलें आहे : ओळीच्या अंतीं १३ व १० ह्या किंमतींचे दोन बाइट येतात, आणि ही जोडी लागोपाठ दोनदां आली, म्हणजे एक रिकामी ओळ आली, कीं शीर्षभाग संपला. ती सांपडेपर्यंत वाचीत राहावें व मिळालेलें जपून ठेवावें. देण्याचेंही असेंच. राइट ही क्रिया सांगितलेलें सर्व एकदम पाठवील अशी हमी नाहीं. किती पाठविलें तें ती कळविते, व उरलेलें पाठविण्याची जबाबदारी आपली असते.

तिसरें स्थळ आपल्या मराठीशीं जोडलेलें आहे. उत्तराच्या शीर्षभागांत पानाची लांबी द्यावी लागते, व ती अक्षरांत नसून बाइटांत असते. इंग्रजी अक्षर एका बाइटांत मावतें. म्हणून इंग्रजी पानावर अक्षरें मोजणाराची चूक कधींच उघडकीस येत नाहीं. देवनागरींतील प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ पद्धतींत तीन बाइट लागतात. 'शाळा' हा शब्द डोळ्यांस दोन अक्षरांचा दिसतो. संगणकास श, काना, ळ, काना अशीं चार चिन्हें दिसतात. आणि तारेवरून बारा बाइट जातात. लांबी चार म्हणून लिहिली तर ब्राउझर चार बाइट घेऊन थांबतो. 'श' पुरा होतो, काना मध्येंच तुटतो. मराठी पान पुरविणाऱ्या विद्यार्थ्यास हा धडा पहिल्याच दिवशीं मिळतो, आणि केवळ इंग्रजी पान पुरविणारास कदाचित् कधींच मिळत नाहीं. मातृभाषेमुळें झालेला हा लाभ सामान्य नव्हे.

चौथें स्थळ अविश्वासाचें. मागणारा फाईलीचें नांव पाठवितो व आपण ती फाईल उघडून देतों. त्या नांवांत दोन टिंबें घालून कोणी 'एक पायरी वर जा' असें सुचविलें, तर तो पायरीपायरीनें आपल्या पानांच्या दालनांतून निघून सबंध घरांत हिंडूं शकेल. कधीं हीं टिंबें टक्केचिन्ह व अंक अशा सांकेतिक रूपांत दडवून पाठविली जातात. म्हणून प्रथम सांकेतिक रूप एकदांच उलगडावें, मग संपूर्ण खरा मार्ग काढावा, आणि तो आपल्या दालनांतच आहे अशी खात्री पटल्याशिवाय फाईलीस हात लावूं नये. पाहुण्याचें स्वागत करावें, पण किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातीं देऊं नये.

पांचवें स्थळ अकस्मात् निघून जाणाऱ्याचें. मागणी करून, उत्तर येण्यापूर्वींच पुष्कळ लोक खिडकी बंद करतात. बंद झालेल्या जोडणींत लिहूं लागल्यास युनिक्स प्रोग्रामास एक इशारा पाठवितें, व त्या इशाऱ्याची तजवीज केलेली नसल्यास सर्व प्रोग्रामच संपतो. एक गिऱ्हाईक रागावून उठलें म्हणून दुकानानें आत्महत्या करावी, त्यांतला हा प्रकार! इशारा दुर्लक्षावा, चूक झाल्याची नोंद घ्यावी, ती जोडणी मिटवावी व पुढच्याकडे वळावें. तसेंच, सर्व्हर बंद करून लगेच पुन्हां चालविल्यास 'पत्ता वापरांत आहे' अशी तक्रार येते. जुन्या संभाषणाचें रेंगाळलेलें पुडकें नव्या संभाषणांत मिसळूं नये म्हणून टीसीपी संपलेल्या जोडणीची आठवण कांहीं वेळ, लिनक्समध्यें सुमारें ६० सेकंद, ठेवतें. बाइंडच्या आधीं पत्ता पुन्हां वापरण्याची मुभा मागितली कीं ही अडचण दूर होते.

सहावें स्थळ सर्वांत मोठें, आणि वेगाचा प्रश्न त्यांतूनच निघतो. वर सांगितलेला साधा सर्व्हर एका वेळीं एकाचेंच ऐकतो. मागणारा अर्धी ओळ पाठवून गप्प बसला तर बाकीचे सर्व ताटकळत राहतात. ह्यावर पहिली तोड म्हणजे प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र सेवक देणें. नवा सेवक म्हणजे नवी प्रोसेस किंवा त्याहून हलका थ्रेड. १९९५ सालीं निघालेल्या अपाची ह्या विख्यात सर्व्हराच्या जुन्या आवृत्तींत एका जोडणीस एक प्रोसेस अशीच व्यवस्था होती. शेंकडों पाहुण्यांपर्यंत ही रीत चांगली चालते. परंतु दहा हजार पाहुणे आले तर दहा हजार सेवक उभे करावे लागतात. त्यांतील बहुतेक नुसते वाट पाहात असतात, तरी प्रत्येकास जागा लागते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे वळण्यांत यंत्राचा वेळ खर्च होतो. एका यंत्रानें एकाच वेळीं दहा हजार पाहुण्यांस कसें सांभाळावें, हा प्रश्न डॅन केगेल ह्या अभियंत्यानें १९९९ सालीं जाहीरपणें मांडला.

त्याचें उत्तर आपल्या पंगतींत आहे. पंगतींत शंभर पानें मांडलीं म्हणून शंभर वाढपी लागत नाहींत. चतुर वाढपी एका पानापुढें, तो पाहुणा जेवून उठेपर्यंत, उभा राहत नाहीं. तो पंगतीवरून नजर टाकतो, ज्याचें पान रिकामें दिसेल त्यास वाढतो व पुढें सरकतो. कोणास काय वाढलें व काय राहिलें हें मात्र त्यानें ध्यानांत ठेवावें लागतें. सर्व्हरानेंही तसेंच करावें. प्रत्येक जोडणी 'न थांबणारी' करून ठेवावी, म्हणजे वाचावयास कांहीं नसल्यास क्रिया खोळंबत नाहीं, 'आतां कांहीं नाहीं' असें सांगून परत येते. प्रत्येक पाहुण्याच्या नांवें एक लहान नोंद ठेवावी : मागणी कोठवर ऐकली, उत्तर कोठवर दिलें. आणि कोणाचें पान रिकामें झालें हें कर्नलला विचारावें. विचारण्याची जुनी रीत 'सिलेक्ट'. तिच्यांत दर वेळीं सबंध यादी द्यावी लागते, व नेहमींच्या व्यवस्थेंत १०२४ पलीकडे क्रमांक चालत नाहींत. २००२ सालीं लिनक्सच्या विकासांत आलेली रीत 'ईपोल'. तिच्यांत यादी एकदांच नोंदवितात, व ज्यांच्याकडे काम आहे तेवढ्यांचींच नांवें परत मिळतात. फ्रीबीएसडींत 'केक्यू' ही तशीच सोय २००० सालापासून आहे. रशियांतील इगोर सिसोएव्ह ह्यांनीं २००२ सालीं आरंभिलेला व २००४ सालीं प्रसिद्ध केलेला एंजिनएक्स हा सर्व्हर ह्याच वाढप्याच्या पद्धतीनें चालतो.

ह्या रीतींतही मंद पाहुण्याचा बंदोबस्त हवाच. २००९ सालीं स्लोलॉरिस नांवाच्या प्रोग्रामानें दाखविलें कीं, अनेक जोडण्या उघडून प्रत्येकींत थोडा थोडा मजकूर सावकाश पाठवीत राहिल्यास एकच साधा संगणक मोठ्या सर्व्हराच्या सर्व जागा अडवूं शकतो. म्हणून प्रत्येक नोंदींत वेळ लिहावी, व ठराविक अवधींत मागणी पुरी न करणारास नम्रपणें निरोप द्यावा.

आतां वेगाविषयीं. वेग म्हणजे केवळ सर्व्हराच्या चाकांचा वेग नव्हे. मुंबई व लंडन ह्यांमध्यें सरळ अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे तंतु अगदीं सरळ टाकला तरी एका जाण्यायेण्यास ७२ सहस्रांश सेकंद लागणारच. कोणतेंही यंत्र विकत घेऊन हा काळ कमी होणार नाहीं. जोडणी जुळविण्यास एक खेप, मागणी व उत्तर ह्यांस दुसरी. पानावर दहा वस्तु असून त्या एकामागून एक, दर वेळीं नवी जोडणी करून आणल्या तर २० खेपा, म्हणजे १४४० सहस्रांश सेकंद; एकच जोडणी राखून आणल्या तर ११ खेपा, म्हणजे ७९२. केवळ जोडणी न तोडल्यानें जवळजवळ निम्मा वेळ वांचला! एचटीटीपी १.१ मध्यें जोडणी राखणें हाच नियम आहे, तो ह्याच कारणास्तव. दुसरी काटकसर नकला टाळण्याची. फाईल वाचून आपल्या हातीं घ्यावी व पुन्हां सॉकेटांत ओतावी, ह्याऐवजीं 'सेंडफाईल' ह्या क्रियेनें कर्नलला ती परस्पर पाठविण्यास सांगतां येतें.

मात्र कोणतीही सुधारणा करण्यापूर्वीं मोजमाप घ्यावें. सेकंदास किती मागण्या पुरविल्या जातात व सर्वांत उशिरा उत्तर मिळालेल्या पाहुण्यास किती थांबावें लागलें, हे दोन्ही आंकडे वहींत लिहावे, एका वेळीं एकच बदल करावा, पुन्हां मोजावें. मोजणारा संगणक व मोजला जाणारा संगणक वेगळे ठेवावे, नाहींतर दोघे एकाच घासासाठीं भांडतात व आंकडे खोटे येतात. सरासरीवर भुलूं नये. नव्याण्णव पाहुणे तृप्त होऊन शंभरावा उपाशी गेला, तर सरासरी ती गोष्ट झांकून ठेवते.

आतां आरंभीं राखून ठेवलेला प्रश्न. तयार सर्व्हर असतां, व यंत्र प्रोग्राम लिहून देत असतां, आपण कशाला लिहावा? ह्याचें उत्तर वरील सहा स्थळांत आहे. यंत्रानें लिहून दिलेला प्रोग्रामही आपण घरच्याच पत्त्यावर तपासणार. तो तेथें चालणार. आणि त्यांत 'शाळे'चा काना तुटणार आहे कीं काय, दूरच्या मनुष्याची अर्धी मागणी टाकली जाणार आहे कीं काय, हें ज्यानें स्वतः एकदां नळाची तुटलेली धार पाहिली आहे त्यालाच विचारतां येईल. काम कोणीही केलें तरी त्याच्या बरेवाईटपणाची सही माणसानेंच करावयाची आहे, आणि जें आपणांस समजत नाहीं त्याखालीं सही करणें धोक्याचें. जगाची सेवा करावयास तुमचा लहान सर्व्हर उघडा ठेवावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्या कामास जुने, कसलेले सर्व्हरच योग्य. आपला सर्व्हर शाळेच्या भिंतींच्या आंतच असूं द्यावा.

सुटींत हें काम हातीं घेणारांनीं पुढील क्रम धरावा. पहिल्या आठवड्यांत एकाच पाहुण्यास एकच मराठी पान द्यावें, व लांबी बाइटांत बरोबर आली कीं नाहीं तें पाहावें. दुसऱ्या आठवड्यांत मागणी मुद्दाम एकेक बाइट करून, मध्यें थांबत पाठविणारा छोटा प्रोग्राम लिहावा व आपला सर्व्हर त्यापुढें टिकतो कीं नाहीं हें तपासावें. ही कसोटी आमच्या मतें सर्वांत मोलाची. तिसऱ्या आठवड्यांत थ्रेड व चौथ्यांत ईपोल आणून दोहोंचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे. दोघांनीं मिळून काम करावें, आणि एकाच्या सर्व्हरास दुसऱ्यानें पाडण्याचा प्रयत्न करावा. पडला तर कां पडला हें दोघांनीं बसून वहींत लिहावें. शाळा उघडल्यावर त्या वह्या आम्ही प्रोग्रामाच्याही आधीं तपासूं.